डिप दिली म्हणजे कीड गेली?

रीफ टँक, म्हणजे घरात जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची काचेची पेटी, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. सांगणारे बदलतात, मजकूर साधारण असाच: "नवीन कोरल आणलं की दहा मिनिटं डिप द्या, धुवा आणि सरळ टँकमध्ये ठेवा. क्वारंटाइन माशांसाठी असतं, कोरलला लागत नाही. एखादा किडा राहिलाच तर सिक्स-लाइन रॅस खाऊन टाकतो. तरीही कीड पसरली तर अख्ख्या टँकला औषध द्या. आणि पाणी उत्तम ठेवा, निरोगी कोरलला कीड लागतच नाही." (डिप म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवणं, क्वारंटाइन म्हणजे काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणं, आणि सिक्स-लाइन रॅस हा किडे खाणारा छोटा मासा.) वर कुणीतरी पुस्ती जोडतं, की खडकावर नको ते वाढलं असेल तर खडक उकळून घ्या.

पुस्तीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांत कोरल मरतं आणि या चुकीत माणूस मरू शकतो.

"खडक उकळून घ्या"

अजिबात नाही. झोआन्थिड (खडकावर पसरणारे, लहान फुलांसारखे दिसणारे कोरलसारखे जीव; हौशी भाषेत झोआ) गटातल्या काही जातींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. ताप, खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणं, धाप लागणं अशी लक्षणं घेऊन अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. खडकावरचं झोआ विषारी आहे की नाही हे नुसतं बघून ठरत नाही. म्हणून असा खडक उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, ब्रशने खसाखसा घासायचा नाही आणि कापायचाही नाही. झोआचा फ्रॅग (वाढवण्यासाठी कापलेला छोटा तुकडा) हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. हातावर उघडी जखम असेल तर ते काम त्या दिवशी राहू द्या. त्रास झालाच तर डॉक्टरांना "ॲक्वेरियममधल्या कोरलशी संबंध आला होता" हे आपणहून सांगा. त्यांच्या मनात ते येण्याची शक्यता कमीच.

"दहा मिनिटं डिप द्या, संपलं"

मूळ दावा हाच आहे, आणि तो फसवा आहे कारण डोळ्यांना पुरावा दिसतो. आयोडीनची डिप असो, पाइन तेलाची असो किंवा बरेच जण वापरतात ते इमिडाक्लोप्रिड आणि सायफ्लुथ्रिनचं बागेतलं कीटकनाशक असो, फ्रॅग त्यात हलवला की डब्याच्या तळाशी किडे पडतात. ते बघून माणूस खूश होतो. पडले ते चालते-फिरते किडे. जे पडत नाही ते म्हणजे अंडी.

ॲक्रोपोरा हे फांद्यांचं कोरल खाणारा फ्लॅटवर्म घ्या. शास्त्रीय नाव प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी. 2011 मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा त्याला अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी म्हणत, त्यामुळे जुन्या लेखांत तेच नाव सापडतं. हा चपटा किडा ज्या कोरलचं मांस खातो त्याचाच रंग घेतो. त्याच्या अंगात कोरलमधली शैवालं तशीच दिसतात. कोरलवर बसलेला असताना तो नजरेत येत नाही, दिसतात त्या त्याने खाल्लेल्या जागा: फिकट, गोलसर डाग. अंडी तो जिवंत मांसावर घालत नाही. फ्रॅगच्या बुडाशी जिथे मांस जाऊन उघडा सांगाडा राहिलेला असतो, तिथे पिवळसर तपकिरी ठिपक्यांचे पुंजके चिकटवून ठेवतो. त्या अंड्यांवर घट्ट कवच असतं. दहा मिनिटांच्या डिपमध्ये आतल्या जीवाला काहीही होत नाही.

आता वेळेचं गणित. या किड्याचं जीवनचक्र वेगवेगळ्या तापमानांत मोजलेलं आहे. 27 अंश सेल्सियसला अंडी फुटायला सरासरी 11 दिवस लागतात आणि एक पिढी पूर्ण व्हायला किमान 38. समजा, तुम्ही फ्रॅग घेण्याच्या आदल्या दिवशी त्यावर अंडी घातली गेली. घरी आणल्याबरोबर तुम्ही डिप दिलीत. तुम्ही काळजी घेणारे असाल तर आठवड्याने आणखी एकदा दिलीत. दोन्ही वेळा अंडी कवचात सुरक्षित होती. ती फुटली साधारण दहाव्या दिवशी, म्हणजे तुम्ही डबा धुऊन ठेवल्यावर. "मी तर दोनदा डिप दिली होती, मग किडे आले कुठून?" हा प्रश्न नेहमी ऐकू येतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

ताटलीसारख्या पसरणाऱ्या मॉन्टिपोरा कोरलवरच्या पांढऱ्या, झालरीसारख्या न्युडिब्रांकचीही (बिनशंखाच्या समुद्री गोगलगाईचीही) तीच कथा. हौशी लोकांना तो अनेक वर्षं माहीत होता. फेस्टिला सबओडिओसस हे अधिकृत नाव त्याला 2020 मध्ये मिळालं, तेही ॲक्वेरियमच्या व्यापारातली कीड म्हणूनच. हा काही मिलिमीटरचा प्राणी प्लेटच्या खालच्या, अंधाऱ्या बाजूला राहतो आणि अंडीही तिथेच घालतो. वरून बघणाऱ्याला फक्त पांढरी होत गेलेली कड दिसते. झोआवरच्या सनडायल गोगलगाईला तर अंड्यांचाही आधार लागत नाही. डिप लागली की ती शंखात शिरते आणि झाकण लावून घेते. तिला चिमट्यानेच उचलावं लागतं.

मग डिप निरुपयोगी आहे का? मुळीच नाही, मीही प्रत्येक फ्रॅगला देतो. पण डिपपेक्षा जास्त फरक पडतो तो फ्रॅगचं बूड कापून टाकल्याने. प्लगसकट (चिकटवलेल्या बैठकीसकट) आलेला फ्रॅग प्लगवरून काढा, खालचा उघडा सांगाड्याचा भाग कटरने छाटा, जुना प्लग फेकून द्या आणि उरलेलं कोरल नव्या प्लगवर चिकटवा. अंडी असतील तर बहुतेक त्या छाटलेल्या तुकड्यावरच असतात. भिंगातून तो तुकडा एकदा बघाच. आणि डिपचं पाणी टँकमध्ये जाता कामा नये, विशेषतः कीटकनाशकाचं. ते कोळंबी-खेकड्यांना थेंबभरही पुष्कळ होतं.

जाता जाता: डिप देण्याआधी फांद्यांमध्ये डोकावून बघा. पोसिलोपोरा या दुसऱ्या फांद्यांच्या कोरलमध्ये राहणारे ट्रॅपिझिया आणि ॲक्रोपोरात राहणारे टेट्रालिया हे छोटे खेकडे कोरलचे राखणदार आहेत. समुद्रात ते कोरलवर साचणारा गाळ काढतात, आणि ट्रॅपिझिया तर कोरल खायला आलेल्या काटेरी तारामाशाला चिमटे काढून पळवून लावतात. किड्यांबरोबर त्यांनाही मारण्यात काय हशील? आधी हळूच बाहेर काढून ठेवा.

"क्वारंटाइन माशांसाठी असतं"

वरचं गणित मान्य असेल तर हा मुद्दा आपोआप निकालात निघतो. अंडी मरत नसतील तर ती फुटेपर्यंत थांबणं आणि निघालेली पिल्लं वयात येऊन पुन्हा अंडी घालण्याआधी मारणं, एवढाच मार्ग उरतो. त्यासाठी कोरल वेगळं ठेवायला हवं. 27 अंशांच्या आसपास दर आठवड्याला एक डिप आणि एकूण सहा आठवडे, हा अनेक जण पाळत असलेला क्रम त्या आकड्यांशी जुळतो.

पण थंड टँकवाल्यांनी इथे सावध राहावं. 24 अंशांना तोच किडा एक पिढी पूर्ण करायला 64 दिवस घेतो. कमी तापमानात कीड मंदावते हे खरं, पण त्यामुळे तुमचं थांबणंही लांबतं. सहा आठवड्यांचा नियम कुणीतरी 27 अंशांवर पाळलेला असतो आणि आपण तो 24 अंशांवर तसाच उचलतो. मग सातव्या-आठव्या आठवड्यात डाग दिसले की क्वारंटाइनलाच नावं ठेवतो.

क्वारंटाइनच्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. घाईने मांडलेल्या, क्षारता (ॲल्कलिनिटी) रोज वरखाली होणाऱ्या छोट्या टँकमध्ये ॲक्रोपोरा किड्यांशिवायही मरतं. जिवाणू वसलेलं फिल्टरचं तयार माध्यम, स्थिर तापमान, पुरेसा प्रवाह आणि बऱ्यापैकी दिवा नसेल तर क्वारंटाइन ही शिक्षाच ठरते. त्यावर उपाय म्हणजे तो टँक कायम चालू ठेवणं. कोरल घेऊन आल्यावर बादली शोधणं हा उपाय नव्हे.

आणि एकाच संपला (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीला) जोडलेला दुसरा टँक म्हणजे क्वारंटाइन नाही. या फ्लॅटवर्मची पिल्लं सरपटतात तशी पोहतातही, आणि ॲक्रोपोरा न मिळता 9 दिवसांपर्यंत जगू शकतात. पाणी एक असेल तर कीडही एक. बेस्टर (पाण्याचा झोत मारायची मोठी पिचकारी), चिमटा, जाळी हेही वेगळे ठेवा.

"रॅस खाऊन टाकतो"

खातो, पण संपवत नाही. सिक्स-लाइन रॅस आणि लिस्माटा व्हिटाटा ही पेपरमिंट कोळंबी यांच्यावर नेमके याच फ्लॅटवर्मसाठी प्रयोग झाले आहेत. दोघांनीही किडे खाल्ले, संख्या कमी केली. अंडी मात्र कोळंबीने खाल्ली, रॅसने नाही. म्हणजे ज्या टप्प्यावर डिप हरते तिथेच रॅसही हरतो.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. रॅस दिवसा उघड्यावर आलेले किडे टिपत राहतो, त्यामुळे संख्या कायम थोडी राहते आणि डाग ठळक होत नाहीत. मालकाला वाटतं टँक स्वच्छ आहे, आणि तो मित्रांना फ्रॅग वाटत सुटतो. शिवाय हा मासा वयाबरोबर भांडखोर होतो आणि खडक न हलवता त्याला पकडणं जवळपास अशक्य असतं. ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण क्वारंटाइनच्या ऐवजी नको.

"अख्ख्या टँकला औषध द्या"

कोणतं औषध, कोणत्या किड्यासाठी? सल्ल्यात हेच गाळलेलं असतं. कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांसाठी दिलं जाणारं मिल्बेमायसिन ऑक्झिम रेड बग्जवर खरोखर चालतं. रेड बग म्हणजे टेगास्टीस ॲक्रोपोरॅनस, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, पिवळसर अंगावर तांबडा ठिपका असलेला कोपेपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला सूक्ष्म जीव. पण ते औषध कोपेपॉड मारतं म्हणजे टँकमधले सगळेच कोपेपॉड, कोळंब्या आणि खेकडेही मारतं. वर फ्लॅटवर्मची अंडी खाणारी जी कोळंबी आली, तीही त्यात जाते. आणि फ्लॅटवर्म किंवा न्युडिब्रांकला त्याचा उपयोग नाही.

लेव्हामिसोल या जंतनाशकाचा प्रकार उलटा. वाळूवर आणि काचेवर पसरणाऱ्या तांबड्या कॉन्व्होल्युट्रिलोबा किड्यांवर ते काम करतं. हे किडे कोरलचं मांस खात नाहीत, पण गालिच्यासारखे पसरून प्रकाश अडवतात. हजारो किडे एकदम मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे तडफडायला लागतात. म्हणून आधी सायफनने शक्य तितके उपसून काढा, विष शोषून घ्यायला ताजा कार्बन आणि बदलायचं पाणी तयार ठेवा, आणि मगच औषध.

त्यामुळे औषधाच्या आधी ओळख. फांद्यांवर गोल फिकट डाग दिसले तर बेस्टरने पाण्याचा जोरदार झोत मारा, फ्लॅटवर्म असेल तर सुटून पडतो. मॉन्टिपोराची कड पांढरी होत असेल तर प्लेट उलटून बघा. ॲक्रोपोराचा रंग उतरला आणि पॉलिप (कोरलचे छोटे, तोंड असलेले जीव) आत गेले असतील तर भिंगातून सरकणारे ठिपके शोधा. काहीच सापडलं नाही तर क्षारता मोजा. बुडापासून वर चढणारा पांढरेपणा पुष्कळदा किड्यांमुळे नसतोच. मेलेल्या जागेवर केसाळ ब्रिसल वर्म दिसला म्हणून त्याच्यावर खापर फोडू नका, तो सहसा मेलेलं खायला नंतर आलेला असतो.

"निरोगी कोरलला कीड लागत नाही"

हे ऐकायला छान वाटतं. पण ॲक्रोपोरा खाणारा किडा ॲक्रोपोराच खाणार, मग ते कितीही रंगदार असो. जे 27 अंशांचं स्थिर, स्वच्छ पाणी कोरलला मानवतं तेच त्यालाही मानवतं. "समुद्रात सगळं संतुलनात असतं" हाही युक्तिवाद टँकला लागू होत नाही. हा किडा आधी ॲक्वेरियममध्ये उच्छाद मांडताना सापडला, समुद्रातली त्याची पहिली नोंद ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळची, 2012 मधली. खुल्या समुद्रात पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात, वाटेत शेकडो तोंडं त्यांना खायला टपलेली असतात. काचेच्या पेटीत तेवढी तोंडं नाहीत, आणि पुढची फांदी बोटभर अंतरावर असते.

कीड मुख्य टँकमध्ये आधीच शिरली असेल तर एकही ॲक्रोपोरा आत ठेवू नका, खडकाला धरून वाढलेली खोडंही. 27 अंशांना अंड्यांचे सरासरी 11 आणि उपाशी पिल्लांचे कमाल 9 मिळून वीस दिवस होतात. अकरा ही सरासरी आहे, म्हणून त्यावर भरपूर वाढवून सहा आठवडे तरी टँक रिकामा ठेवा, आणि तापमान कमी असेल तर त्याहून जास्त. तेवढ्या काळात बाहेर काढलेल्या कोरलची बुडं छाटून त्यांना दर आठवड्याला डिप द्यायची.