जुन्या लॉटमधला नळ

साडेपाचशेचा नळ पाचशे वीसला गेला, त्याचं मला काही नाही. घासाघीस रोजचीच. पण ती माझ्याच कॉम्प्युटरवर बोट ठेवून व्हावी, आणि वर ह्यांनी गल्ल्यावरून "जाऊ दे गं, नेहमीचं गिऱ्हाईक आहे" म्हणावं, हे अजून घशाखाली उतरत नाही.

आमचं नळ-पाइपांचं दुकान. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं आणि माझ्या सगळ्या सेटिंगा पुसून गेलं. ह्यांना तर कुठल्या मालावर किती सुटतं त्याचा रिपोर्ट आजच्या आज हवा. रिपोर्ट उघडला, तर तो मलाच विचारायला लागला. खरेदीचा भाव कोणता धरू? हमाली-भाडं मालावर चढवू की वेगळं ठेवू? कंपनीची स्कीम, म्हणजे खरेदीवरची सूट, वजा करू? टक्का खरेदीवर काढू की विक्रीवर? एवढी चौकशी आमच्या सोयऱ्यांनी लग्न ठरवताना केली नव्हती.

हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकरवर, कारण एक हात माउसवर आणि दुसऱ्या हाताखाली बिलांची फाइल. पलीकडचा मुलगा रिमोटवर आला, माझ्या स्क्रीनवर त्याचा बाण फिरायला लागला आणि तो खणखणीत आवाजात वाचू लागला, "मॅडम, उदाहरणार्थ हा तुमचा पिलर कॉक. आधीचे दहा 400 ने आलेत, नंतरचे दहा 500 ने. विक्री 550. फिफो ठेवलं तर पहिल्या नगावर 150 सुटतात. ॲव्हरेज ठेवलं तर 100. शेवटचा खरेदीभाव धरला तर 50."

काउंटरपलीकडे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका उभे होते. हातात तोच पिलर कॉक. मघापासून ते त्याची चकाकी बघत होते, आता त्यांनी चष्मा वर सरकवला.

"वहिनी, 400 चा नळ मला 550 ला लावताय?"

"काका, तो फक्त रिपोर्टपुरता हिशेब आहे."

"म्हणजे रिपोर्ट खोटा?"

"खोटा नाही हो. पितळ महागलं, म्हणून नंतरचा माल 500 ने आला."

"मग मला आधीचा द्या."

"आधीचा-नंतरचा सगळा सारखाच आहे."

"सारखाच आहे ना? मग आधीचा द्यायला हरकत काय?"

यावर उत्तर असेल तर मला कळवा. मी ते शोधत असताना काका वाकले आणि माझ्या फोनशी परस्पर बोलू लागले. "अहो मिस्टर, फिफो म्हणजे पहिला आलेला पहिला बाहेर, बरोबर?"

"अगदी बरोबर, सर."

सर! रिन्यूअलचे पैसे मी भरते, आणि सर हे!

"मग या बाईंना सांगा, फिफो ठेवा म्हणून."

"मॅडम, सर म्हणतायत ते ठेवू का?"

गंमत अशी की काकांच्या हातातला नळ नव्या लॉटमधलाच होता. आमचा राजू नवीन खोकी नेहमी पुढे रचतो, त्यामुळे शेवटी आलेला माल सगळ्यात आधी जातो. आपल्याकडच्या अकाउंटिंग स्टँडर्ड 2 मध्ये, म्हणजे साठ्याची किंमत कशी धरायची त्या नियमात, हिशेबाची ही रीत बसत नाही. अशा एकसारख्या मालाला फिफो किंवा सरासरी, एवढंच चालतं. स्टँडर्डला राजूचं रॅक ठाऊक नाही आणि राजूला स्टँडर्ड. मी मात्र हे काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते रॅकवर चढले असते.

हे सगळं ऐकून ह्यांनी 520 करून टाकले.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा कागदावर मांडून बघितलं. वीसच्या वीस नळ 550 ने विकले तर फिफोनेही नफा 2000 आणि सरासरीनेही 2000. फक्त तो कधी दिसतो एवढाच फरक. शेवटचा भाव धरला तर मात्र रिपोर्टात 1000 च दिसतात, उरलेले हजार कुठल्याच ओळीत नाहीत. टक्क्यांचं तर विचारूच नका. तोच नळ फिफोत खरेदीवर काढला तर साडेसदतीस टक्के, शेवटच्या भावाने विक्रीवर काढला तर नऊ. ह्यांना मी कोणता दाखवते त्यावर त्या दिवसाचं जेवणाच्या ताटावरचं बोलणं ठरतं.

शिवाय कंपनी स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे सूट जमा केल्याचा कागद, पाठवते वर्ष संपल्यावर. तोवर आमचा नफा म्हणजे अंदाजपंचे. हमाली धरा, टेम्पोचं भाडं धरा, दुकानाचं वीजबिल धरा, सगळ्याला चौकट आहे. दुपारच्या झोपेवर पाणी सोडून बिलं चढवणारीला चौकट नाही. हेल्पलाइनच्या मुलाला विचारलंही. तो म्हणाला, "मॅडम, मालकाने घरासाठी काढलेले पैसे खर्चात येत नाहीत, ते ड्रॉइंग." म्हटलं, मी काढत कुठे आहे? तर म्हणाला, "मग एंट्रीच नाही, मॅडम." किती सोपं झालं. नळाचा वॉशर स्टॉकमध्ये आहे, मी नाही.

असो. शेवटी सरासरी ठेवली, टक्का विक्रीवर, हमाली मालावर. ह्यांनी रिपोर्ट बघितला, "बरं" म्हणाले आणि तोट्यातला वाटणारा ब्रँड तसाच चालू ठेवला, कारण त्याचा सेल्समन स्वभावाने चांगला आहे.

संध्याकाळी काका परत. आटे बसत नाहीत म्हणे, नळ परत घ्या. सॉफ्टवेअरने लगेच विचारलं, परत आलेला माल कोणत्या भावाने जमा करू? मी गल्ल्यातून 520 काढून पुढे केले.

काकांनी ते मोजले आणि स्क्रीनकडे बोट केलं. "वहिनी, हा आता शेवटी आलेला माल ना? मग नव्या भावाने घ्या की!"