यो-यो बिघडलेला नाही, साहेब

आज दुपारी साडेतीनला फोन आला. महिनाअखेर, मिलमध्ये माझ्यासमोर व्हाउचरचा ढीग. पलीकडून गोड आवाज. "मॅडम, तुमच्या त्या यो-योवाल्या भाच्याला रविवारी आमच्या डीलर मीटला पाठवा ना. डीलर लोक फॅमिली घेऊन येतात, लहान मुलांची करमणूक होईल. जेवण आपल्याकडेच आहे."

मी विचारलं, मानधन किती?

साहेब हसले. "अहो, स्टेज मिळतंय ना त्याला!"

तेव्हापासून डोकं फिरलंय. घरी आले, चहा केला, तो गार झाला. आता लिहूनच टाकते.

ही तीच कंपनी. नाव लिहीत नाही, जळगाव एवढंसं आहे. मे महिन्यात मी आणि भाचा त्यांच्या ऑफिसला गेलो होतो. मेमधलं जळगावचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. भर दुपारी स्कूटीवर एमआयडीसीत. मुंबईच्या स्पर्धेसाठी रेल्वेचं भाडं, दोन दिवस राहणं आणि एक बरा यो-यो, एवढंच मागायचं होतं. अडीच तास बाहेर बसवलं. पोरगं अकरावीतलं, इस्त्रीचा शर्ट घामाने चिंब. मग आत बोलावलं. त्याने खेळायला सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात साहेबांनी हात पुढे केला. "आण इकडे, आम्हीपण खेळलोय लहानपणी." टाकला. ओढला. यो-यो खालीच फिरत राहिला. पुन्हा ओढला. "अरे, हा तर बिघडलाय!"

केबिनमधले सगळे हसले.

भाचा हळूच म्हणाला, "नाही सर, बिघडलेला नाही. याला बाइंड करावं लागतं." कोणी ऐकलं नाही. तोवर साहेबांचा मोबाइल वाजला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जत्रेतला यो-यो झटका दिला की हातात परत येतो. स्पर्धेतला येत नाही. त्याच्या पोटात बॉल बेअरिंग असतं आणि दोन चकत्यांमधली फट रुंद असते, म्हणून तो दोरीच्या टोकाशी मिनिटं न् मिनिटं फिरत राहतो. परत हवा असेल तर दोरीचा फास त्या फटीत सोडायचा, मग तो दोरी पकडतो आणि वर येतो. तोच बाइंड. आपणहून परत येत नाही म्हणून तर त्याच्यावर एवढ्या ट्रिक करता येतात. ज्याला साहेब बिघाड म्हणाले त्याच्यावर अख्खा खेळ उभा आहे. जागतिक स्पर्धेत फायनलला तीन मिनिटं मिळतात, संगीतावर. परीक्षक हातात क्लिकर घेऊन एकेक ट्रिक मोजतात. दोरीत गुंता झाला, यो-यो थांबला, की गुण गेले. जपानच्या शिंजी सैतोने तेरा वेळा जगज्जेतेपद मिळवलंय. तेरा वेळा! त्याला कोणी म्हणेल का, चल रे, डीलरांच्या पोरांची करमणूक कर, जेवण आहे म्हणून?

आणि कंपन्यांना यो-योचं वावडं आहे असं कोणी मला सांगू नका. या खेळाचा इतिहासच कंपन्यांचा आहे. 1928 साली पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला. मग डोनाल्ड डंकन या अमेरिकी व्यावसायिकाने तो धंदा विकत घेतला. त्यांचे खेळाडू गावोगावी फिरून दुकानांसमोर ट्रिक दाखवायचे. अमेरिकेतल्या हर्स्ट समूहाच्या वर्तमानपत्रांनी स्पर्धांना प्रसिद्धी दिली आणि पोरांना सांगितलं, भाग घ्यायचा तर पेपरला नवे वर्गणीदार आणा. काय डोकं होतं बघा! पुढे कोकाकोलाने देशोदेशी आपल्या नावाचे यो-यो विकले. 1997 ला जपानात बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने हायपर यो-यो आणला आणि तिथल्या पोरांना वेड लागलं. आज जपानी खेळाडू एवढे पुढे का आहेत, याचं अर्धं उत्तर त्या लाटेत आहे.

पण त्या सगळ्यांनी यो-यो विकला. खेळाडू विकत घेतला नाही... नाही, चुकीचं लिहिलं. खेळाडूला पोसलं नाही, असं म्हणायचंय. लाट ओसरली की कंपनी गेली, पोरं तिथेच.

मी हिशेबातली बाई आहे, म्हणून एक गोष्ट सांगते, ती आपल्याकडच्या पालकांना कोणी सांगत नाही. आपण कंपनीच्या दारात जातो आणि 'सीएसआरमधून काही बघा ना' म्हणतो. तिथेच चुकतं. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर, म्हणजेच सीएसआरवर, घालायला सांगितलंय, खरंय. पण खेळांच्या बाबतीत त्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांचं प्रशिक्षण आहे. यो-यो कुठे बसणार त्यात? वर जाहिरातीचा फायदा मिळवायला केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरतच नाहीत. म्हणजे आपल्याला जायचंय ते जाहिरात खात्याकडे. तिथे पदर पसरायचा नसतो, दर सांगायचा असतो. मी मेमध्ये पदर पसरला. म्हणून आज जेवणाचं आमंत्रण आलं. माझीच चूक, आणि ती मला दुपारपासून टोचतेय.

दिवाळीला कॅलेंडरं छापतात, डायऱ्या वाटतात. त्या डायऱ्यांत आपल्या घरी दुधाचा हिशेब लिहितात. पोराच्या टी-शर्टवर नाव छापलं तर काव्यरत्नावली चौकात रोज संध्याकाळी शंभर पोरं ते वाचतील. मोबाइलवर व्हिडिओ काढतात, तो भुसावळ, चोपड्यापर्यंत फिरतो.

हो, मान्य, हा खेळ लांबून नीट दिसत नाही. दोरी तर दिसतच नाही, म्हणून पोरं भडक पोपटी न् गुलाबी दोऱ्या वापरतात. गुण कसे पडतात तेही चटकन कळत नाही. कबड्डीचं तसं नाही, ती लहानपणापासून अंगात असते. पण कबड्डीलासुद्धा 2014 च्या प्रो कबड्डी लीगआधी कोण विचारत होतं? ब्रेक डान्स रस्त्यावरचा होता. रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने 2004 पासून त्याची जागतिक स्पर्धा भरवली, आणि 2024 ला तो पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होता. सगळं श्रेय कंपनीला देत नाही मी. पण वीस वर्षं टिकून राहिली ना ती? आमच्या साहेबांना वीस सेकंद धीर नव्हता. बिघडलाय म्हणे.

त्या मेच्या दुपारची उरलेली गोष्ट अजून कोणाला सांगितली नव्हती. केबिनमध्ये साहेबांनी यो-यो टेबलावर ठेवताना तो निसटून फरशीवर आपटला. बाहेर येऊन भाच्याने टाकून बघितला तर थरथरत होता. पोरगं रडलं नाही, पण स्कूटीवर मागे बसून एक शब्द बोललं नाही. परतीच्या रस्त्यावर लेथचं एक छोटं वर्कशॉप दिसलं, मी गाडी थांबवली. मालक पारोळ्याकडचे, पत्र्याच्या शेडमध्ये चार मशीन. त्यांनी यो-यो हातात घेतला, उघडला, आतला चार एमएमचा स्क्रू काढून काचेवर घरंगळवला. वाकला होता. डब्यातून दुसरा शोधला, बसवला, डायल लावून दोन्ही चकत्या तपासल्या. मग अहिराणीत म्हणाले, "हाई खेयनं नही शे ताई, हाई त मशीन शे." हे खेळणं नाही, मशीन आहे. आणि भाच्याला म्हणाले, "दखाड बरं." दाखव बरं.

चारही मशीन बंद केली हो त्यांनी. कामगारांना बोलावलं. त्या पत्र्याच्या भट्टीत पोरगं तीन मिनिटं खेळलं आणि एकदाही दोरी अडकली नाही. पैसे विचारले तर म्हणाले, स्क्रूचे काय पैसे घ्यायचे.

भाच्याने नंतर स्वतःच्या खर्चाने टी-शर्टच्या पाठीवर त्या वर्कशॉपचं नाव छापून घेतलं. न मागता. हे लिहिताना आत्ता राग जरा उतरलाय माझा.

मघाशी त्याला फोनचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तर म्हणतो, "मावशी, दोनशे माणसं असतील ना? जाऊ दे ना मला." पोरांचं असंच असतं, त्यांना फक्त खेळायचं असतं. राग धरायचं काम आपलं.

म्हणून आत्ता साडेनऊला साहेबांना मेल टाकलाय. तीन मिनिटं, मुख्य कार्यक्रमात, जेवणाच्या आधी. मानधन सात हजार, आधी खात्यावर. निवेदकाने खेळाडू म्हणून ओळख करून द्यायची, यो-योला कोणी हात लावायचा नाही. कंपनीचं नाव टी-शर्टवर छातीवर येईल. पाठीवरची जागा गेलेली आहे.

उत्तर आलं की इथेच टाकते.