शिस्त फक्त खालच्यांनाच?

आज सकाळी एका फोटोने डोकं फिरवलं. जवान उन्हात ताठ उभे, आणि पाहणीला आलेले बडे साहेब एक हात खिशात घालून, शर्टाचं बटण उघडं टाकून चाललेत. खाली लोकांचं कौतुक, 'काय रुबाब आहे!'

शिपायाचा हात खिशात दिसला असता तर?

आमच्या तुकडीत एका पोराचं बटण उघडं राहिलं होतं. साहेबांनी त्याला पिट्टू, म्हणजे सामानाने भरलेली जड पिशवी, पाठीवर देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. हुकूम पूर्ण बाह्यांचा होता आणि साहेबांच्या स्वतःच्या बाह्या कोपराच्या वर. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बोलणार कोण?

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये ट्युनिशियात अमेरिकन जनरल पॅटनने टाय नाही, हेल्मेट नाही म्हणून सैनिकांना दंड ठोकले. बरं, तो स्वतः टाय लावायचा, एवढं श्रेय देतो. ब्रिटिश जनरल मॉन्टगोमेरी मात्र बेरे टोपीवर एकाऐवजी दोन बिल्ले लावून फिरला. शिपायाने लावला असता तर बेशिस्त, जनरलने लावला की व्यक्तिमत्त्व! सैनिकांना तो लांबून ओळखू यायचा म्हणे. असेल. आणि अमेरिकेचा मॅकआर्थर? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये हा गडी आघाडीवर गॅस मास्क न घेता हिंडला आणि १९१८ मध्ये विषारी वायूने आजारी पडला. हाताखालच्या माणसाला मास्क सोडायची मुभा होती का?

त्या फेऱ्यांनंतर आमच्यात काय बदललं सांगू? बटण लावलंय का, हे कोणी बघेना. साहेब कुठल्या बाजूने येतायत, एवढंच बघायचे सगळे. साहेब रजेवर गेले की अर्धी तुकडी गबाळी.

सगळेच तसे नसतात, हेही खरं. अमेरिकन यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्स गावी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तेव्हा तो झकपक पोशाखात होता, आणि जिंकलेला उत्तरेचा सेनापती ग्रँट चिखलाच्या बुटांत, साध्या शिपायाच्या कोटावर पदाच्या पट्ट्या लावून. नियमात तेही बसत नव्हतंच म्हणा. पण ग्रँट शिपायासारखा दिसायला गेला, शिपायापेक्षा वेगळा दिसायला नाही. असल्या माणसासाठी मी आजही बूट चमकवीन, मनापासून.

बाकी 'मोठ्यांना थोडी सूट असतेच' म्हणणाऱ्यांनी खाली खुशाल लिहा. तो बटणवाला माझ्या मित्रयादीत आहे, तो वाचेल.