संगणकानं काढा सिद्ध केलेला नाही

ओळखीतल्या एका काकांनी परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "तुझ्या काकूच्या डिप्रेशनच्या गोळ्या थांबवू का?" बरेच दिवस फिरत असलेला दावा असा: 'श्याओयाओ सान' या चिनी काढ्यातली द्रव्यं नैराश्यावर काम करतात हे संगणकानं सिद्ध केलंय, औषध नैसर्गिक असल्यानं अपाय नाही, तेव्हा गोळ्या सोडा. मी प्रयोगशाळेत हेच संगणकी काम करते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'संगणकानं सिद्ध केलं.' नाही केलं. काढा खरा आहे, सुंग राजवटीपासून चीनमध्ये दिला जातो. त्याच्या आठ घटकांत आलं आणि ज्येष्ठमधही आहे. संगणक करतो ते एवढंच: माहितीसाठ्यातून या घटकांतले रेणू काढायचे, ते कोणत्या प्रथिनांना चिकटू शकतील याचा अंदाज घ्यायचा, ती यादी नैराश्याशी जोडलेल्या जनुकांच्या यादीशी ताडून बघायची. मग डॉकिंग. प्रथिनाच्या खाचेत रेणू हरतऱ्हेनं फिरवून बसवायचा, की पडद्यावर उणे 7, उणे 8 असा आकडा येतो: बंधाच्या ऊर्जेचा अंदाज, जितका जास्त उणे तितका बंध घट्ट. वाइना हा यातला फार वापरात असलेला प्रोग्रॅम. 2010 मध्ये त्याच्या कर्त्यांनीच त्याच्या अंदाजातली चूक सुमारे 2.85 किलोकॅलरी प्रति मोल नोंदवली होती. शरीराच्या तापमानाला 1.4 चा फरक म्हणजे बंध दहापट घट्ट किंवा सैल, मग 2.85 म्हणजे शंभरपट. शिवाय रेणू चिकटल्यावर प्रथिन चालू होईल की बंद पडेल, हे तो आकडा सांगतच नाही.

आणि यादीत येणाऱ्या प्रथिनांची नावं तरी बघा. असा नैराश्याचा शोधनिबंध उघडा, मधुमेहाचा उघडा, कर्करोगाचा उघडा: एकेटी1, टीएनएफ, आयएल6 पुन्हा पुन्हा वर येतात. या प्रथिनांवर आधीच भरमसाट संशोधन झालंय, म्हणून माहितीसाठ्यात सगळ्यांत जास्त धागे त्यांनाच जोडलेले असतात.

रेणूंमध्ये असाच सतत दिसणारा क्वेर्सेटिन. तो आपल्या कांद्यातही असतो. चिनी औषधांच्या टीसीएमएसपी या माहितीसाठ्यात त्याचं तोंडावाटे शोषण 46 टक्के दाखवलंय, पण तोही हिशेबानं काढलेला अंदाज. 1975 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात माणसांना चक्क 4 ग्रॅम क्वेर्सेटिन खायला दिलं होतं. मूळ रूपातला रेणू ना रक्तात सापडला, ना लघवीत. आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनाइड, सल्फेट असे रासायनिक गट जोडून त्याचं रूपच पालटतात. डॉकिंग मात्र केलेलं असतं मूळ रेणूचं! मूळ रूपात जे मेंदूपर्यंत फारसं पोचतच नाही, ते तिथल्या प्रथिनाला चिकटतं म्हणून काय उपयोग?

यावर असंही म्हटलं जातं, 'मलेरियाचं औषध आर्टेमिसिनिनही चिनी वनस्पतीतूनच आलं.' खरं आहे, आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण त्यांनी 1971 मध्ये ईथरनं काढलेला अर्क आधी मलेरिया झालेल्या उंदरांना आणि माकडांना दिला, 1972 मध्ये स्वतः घेतला, मग हायनान बेटावरच्या रुग्णांना दिला. श्याओयाओ सानच्याही माणसांवर चाचण्या झाल्यात. त्यांचा आढावा घेणाऱ्यांनी बहुतेकींचा दर्जा कमी असल्याचं नोंदवलंय.

'नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.' ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. काकू बीपीची गोळी घेतात.

राहिलं 'गोळ्या सोडा'. याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात विजेसारखे झटके असे त्रास होऊ शकतात, आणि बरा होत आलेला आजार उलटू शकतो. कमी करायच्याच असतील तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

काकांना लगेच फोन केला. "काका, आजची गोळी चुकवू नका. पुढच्या वेळी जाल तेव्हा हा मेसेज डॉक्टरांनाच दाखवा. आणि मधेच काकूंचं मन फार खचलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, रात्री-अपरात्री कधीही." त्यांनी नंबर कॅलेंडरवर लिहून घेतला.