एलझेड४ फायली, त्यांचे झिपमध्ये रूपांतर आणि घटलेला आकार : आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण दिलेला एक तारा आणि त्यासोबतचा सविस्तर अभिप्राय मी दोनदा वाचला, आमच्या नोंदवहीतून आपल्या कामाच्या नोंदी काढून तपासल्या आणि मगच हे उत्तर लिहीत आहे. आपल्या छापखान्याच्या संगणकातील माहिती आम्ही एलझेड४ या दाबून लहान केलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलच्या स्वरूपात दिली, ती डबल क्लिक करून उघडली नाही. दूरध्वनीवर आमच्या सहकाऱ्याने नाव बदलून पाहण्यास सांगितले, तेव्हा संगणकाने फाइल खराब असल्याचे कळवले. मग त्या फायलींचे झिपमध्ये रूपांतर करण्यासाठी ६०० रुपये आकारले गेले. आणि रूपांतरानंतर ४१० जीबीचे ३१५ जीबी झाल्यामुळे ९५ जीबी माहिती आमच्याकडून गहाळ झाली, असे आपले म्हणणे आहे. पहिल्या तीन गोष्टींत चूक आमचीच आहे. चौथी गोष्ट मात्र घडलेली नाही, आणि ती का घडलेली नाही हे आपल्याला नीट समजावे, यासाठी हे उत्तर थोडे लांबले आहे.

दिवाळी अंकाचे काम सुरू असल्याने आपला संगणक आम्हाला चार तासांसाठीच मिळणार होता. त्यातील माहिती ८६० जीबी होती आणि आपण आणलेली डिस्क ५०० जीबीची होती. म्हणजे माहिती दाबून बसवणे भाग होते, आणि तेही वेळेत. नेहमीच्या झिप पद्धतीने ते काम आपल्या जुन्या प्रोसेसरवर रात्रीपर्यंत चालले असते, म्हणून आम्ही सर्व फोल्डर टार पद्धतीने एकत्र बांधून एलझेड४ ने कॉम्प्रेस केले. हे कॉम्प्रेशन इतके जलद आहे की प्रोसेसर डिस्कची वाट पाहतो, डिस्कला प्रोसेसरसाठी थांबावे लागत नाही. काम सुमारे अडीच तासांत झाले. निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्य होता, असे मला आजही वाटते. पण हाती येणारी फाइल कोणत्या स्वरूपाची आहे आणि ती कशी उघडायची, हे आपल्याला आधी सांगून आपली संमती घ्यायला हवी होती. ती घेतली नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

आता आकाराविषयी. एलझेड४ ही पद्धत यान कोले यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मूळ अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांच्या १९७७ च्या पद्धतीत आहे: पुढे येणारा मजकूर मागे कुठे येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता 'इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके बाइट उतरवून घे' एवढीच सूचना लिहायची. एलझेड४ किमान चार बाइटची पुनरावृत्ती शोधते आणि त्यासाठी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मागे पाहते. त्यापुढे ती काहीच करत नाही, आणि तिचा वेग यातूनच येतो. झिपमध्ये सहसा वापरली जाणारी डिफ्लेट पद्धत हेच काम करून थांबत नाही. उरलेल्या चिन्हांना ती हफमन संकेत देते, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हांना लहान आणि क्वचित येणाऱ्यांना लांब. या दुसऱ्या टप्प्याला वेळ लागतो, पण फाइल आणखी लहान होते. एलझेड४ च्या निर्मात्यांनी सिलेसिया नावाच्या नमुना संग्रहावर प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एलझेड४ चे गुणोत्तर, म्हणजे मूळ आकार दाबलेल्या आकाराच्या किती पट, सुमारे २.१ आहे, तर डिफ्लेट वापरणाऱ्या झेडलिब या सॉफ्टवेअरचे, तेही तिच्या सर्वांत जलद पातळीवर, सुमारे २.७३. आपल्या ८६० जीबीला हीच गुणोत्तरे लावली, तर अनुक्रमे ४१० आणि ३१५ जीबी येतात, आणि आपल्या डिस्कवर जवळपास तेच आकडे दिसले. दोन्ही फायली उलगडल्या की माहिती ८६० जीबीच होते.

'मजकूर' या फोल्डरचा आपण वेगळा उल्लेख केला आहे: ७४ एमबीचे ४३ एमबी झाले, आणि घट इतकी मोठी असल्याने लेख गेलेच असावेत, अशी आपली शंका आहे. माझ्या मते आपल्या तक्रारीतील हा सर्वांत नेमका मुद्दा आहे. हे लेख युनिकोड मराठीत आहेत. युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि त्यांतला पहिला बाइट सर्व चिन्हांसाठी एकच असतो, तर दुसरा दोनपैकी एक. अर्थात मराठी मजकुरात दर तीन बाइटांमागे दोन जवळजवळ ठरलेले असतात. एलझेड४ चार बाइटांपेक्षा लहान पुनरावृत्ती पकडतच नाही, त्यामुळे जिथे सलग शब्द जुळत नाहीत तिथे हे ठरलेले बाइट ती जसेच्या तसे लिहिते. हफमन संकेत मात्र नेमक्या अशाच बाइटांना अतिशय लहान करतो. म्हणून आपल्या स्कॅन केलेल्या पानांपेक्षा मराठी लेखांचे फोल्डर झिपमध्ये अधिक आक्रसले.

केवळ तर्कावर आपण विश्वास ठेवावा, अशी माझी अपेक्षा नाही. आम्ही तयार केलेल्या प्रत्येक एलझेड४ फाइलच्या शेवटी आतल्या माहितीची पडताळणी संख्या लिहिलेली असते, आणि उलगडताना ती सर्व फायलींसाठी जुळली. त्यानंतर एलझेड४ मधून निघालेल्या आणि झिपमधून निघालेल्या प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ संख्या (फाइलमधील सर्व बाइटांवरून काढलेली, बोटाच्या ठशासारखी खूण) काल आम्ही काढून ताडून पाहिली. एकही फरक आढळला नाही. या संख्यांची यादी आपल्याला पाठवली आहे. आपल्या माहितीतील कोणत्याही जाणकाराकडून ती जरूर तपासून घ्या.

नाव बदलण्याचा सल्ला चुकीचाच होता. फाइलचे स्वरूप तिच्या नावात नसते, आतल्या पहिल्या बाइटांत असते. एलझेड४ फाइल ०४, २२, ४डी, १८ (सोळा अंकी पद्धतीत लिहिलेल्या) या चार बाइटांनी सुरू होते, तर झिप फाइल 'पी' आणि 'के' या अक्षरांनी, जी झिपचे जनक फिल काट्झ यांची आद्याक्षरे आहेत. नावापुढे झिप लिहिल्यामुळे संगणकाने आत 'पीके' शोधले, ते सापडले नाही, आणि फाइल खराब आहे असे कळवले. नाव बदलल्याने आतला एकही बाइट बदललेला नाही. जुने नाव परत दिले की फाइल पूर्ववत होते.

रूपांतराला दोन दिवस का लागले, हेही आपण विचारले आहे. एलझेड४ मधून टार-जीझिप (टारने बांधलेला एकच गठ्ठा, पण डिफ्लेटने दाबलेला) करायचे असते, तर एका बाजूने उलगडत दुसऱ्या बाजूने दाबत जाता आले असते, मधल्या जागेची गरजच पडली नसती. झिपमध्ये मात्र प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे नोंदली जाते, त्यामुळे आधी सगळे ८६० जीबी मोकळ्या डिस्कवर उतरवावे लागले. आपल्या ५०० जीबीच्या डिस्कवर दोन्ही संच एकत्र मावत नसल्याने एलझेड४ संच काढून केवळ झिप परत दिले गेले. हेही आपल्याला न विचारता झाले, आणि मूळ संच दिसेनासा झाल्यावर शंका येणे स्वाभाविक होते.

६०० रुपये आज आपल्या खात्यावर परत केले आहेत. आमच्या कामाच्या पावतीवर आता परत देण्याच्या फाइलचे स्वरूप लिहिण्याची जागा आहे. ग्राहकाने वेगळे सांगितले नाही, तर झिपच दिली जाईल. आपला मूळ एलझेड४ संच आमच्याकडे सुरक्षित आहे आणि आपण लेखी कळवल्याशिवाय तो पुसला जाणार नाही. आपण १ टीबीची डिस्क आणल्यास दोन्ही संच विनामूल्य उतरवून देऊ, आणि त्यांतील हवी ती फाइल आपल्यासमोर उघडून दाखवू. सुरुवात 'मजकूर' फोल्डरपासून करू.

आपला नम्र,
दुकानाचा मालक