तेवढी आपली बातमी लावा की!

नवं नाटक आलंय, मालिका येतेय, निदान चालू मालिकेत नवा खलनायक तरी येतोय आणि पेपरात त्याचा मागमूस नाही? घाबरू नका. टीव्ही-नाटकाच्या पानावर काम करणारा पत्रकार मुळात तुमच्यासाठीच नेमलेला असतो. त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. ते काम तुम्ही करायचं.

आधी प्रेसनोट. तिचं पहिलं पथ्य असं की, बातमी पहिल्या परिच्छेदात येता कामा नये. कोण, काय, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता हे सुरुवातीलाच सांगून टाकलंत तर पुढची अडीच पानं कोण वाचणार? म्हणून उघडायचं ते 'मराठी प्रेक्षकाने नेहमीच वेगळ्या विषयांचं स्वागत केलं आहे' या वाक्याने. त्यामागोमाग 'आजच्या धकाधकीच्या जीवनात नात्यांची वीण सैल होत असताना'. मग वाहिनीची वाटचाल, मग निर्मात्याचं मनोगत, मग दिग्दर्शकाचं. दोघांची वाक्यं सारखीच निघाली तरी बिघडत नाही, लिहिणारा एकच आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मालिका सोमवारपासून रात्री साडेआठला सुरू होणार, हा तपशील अगदी तळाशी, 'तेव्हा पाहायला विसरू नका'च्या पोटात ठेवायचा. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. तारीख आणि वेळ अशी पहिल्या झटक्यात जाते आणि वाचकाची उत्सुकता शेवटपर्यंत टिकून राहते.

'मराठी टेलिव्हिजनवर प्रथमच' हे शब्द विसरू नका. कथेत श्रीमंत घर, गरीब पण स्वाभिमानी सून आणि दाराआडून ऐकणारी आत्या असली, तरी प्रथमच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हापासूनचं सगळं तुम्ही तपासून घेतलं असणार, असा पत्रकाराचा समज होतो. होऊ द्या. नायिकेचं आडनाव शीर्षकात एक, मजकुरात दुसरं आणि फोटोओळीत तिसरं लिहायलाही हरकत नाही. तिन्हींतलं खरं कोणतं, हे शोधणं त्याचं काम.

मजकूर पाठवण्याची एक वेगळी विद्या आहे. कुठल्याही मशीनवर सारखंच दिसणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करून सरळ मेलमध्ये चिकटवला तर दोन मिनिटांत पानावर जाईल. एवढं सोपं केलं तर आपलं महत्त्व काय उरलं? एखाद्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप करा आणि फॉण्टचं नाव कळवू नका. समोरच्या मशीनवर फाइल उघडली की रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची छान रांगोळी दिसते. वाचता येईल अशी पोहोचवायचीच असेल तर पीडीएफ करा. पीडीएफमधलं मराठी कॉपी करून दुसरीकडे टाकलं की वेलांट्या जागा सोडतात, रफार हरवतात, 'दिग्दर्शक'चा 'दग्िदर्शक' होतो आणि दोन पानं अक्षर-अक्षर लावत बसावं लागतं. सगळ्यात उत्तम म्हणजे प्रेसनोटचा फोटो काढून पाठवणं. तो मजकूर कुणीतरी पुन्हा टाइप करायचा असतो, आणि संध्याकाळी डेस्कवर तीन पानं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. तो आपली कशी टाइप करेल, असं मनातसुद्धा आणू नका.

फोटोचं तंत्रही समजून घ्या. छपाईला साधारण २०० ते ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके, लागतात. म्हणजे ८०० पिक्सेल रुंदीचा फोटो २०० डीपीआयला जेमतेम ४ इंच छापता येतो, त्यापुढे ताणला की नाकडोळे विरघळू लागतात. तुम्हाला हवं असतं अर्धं पान, तेव्हा फोटो व्हॉट्सअॅपवरूनच जायला हवा, कारण तिथे तो आपोआप दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर मूळ आकारात पोहोचतो, त्यामुळे त्या बटणाला हात लावू नका. फोटोत बारा जण असावेत, डावीकडून कोण कोण ते लिहू नये आणि वर लोगो, तारीख, प्रायोजक यांचे ठसे असावेत, म्हणजे तो कापताही येणार नाही. कुणी फारच आग्रह धरला तर ड्राइव्हची लिंक द्या, मात्र कुलूपबंद. परवानगीची विनंती ज्या मुलीच्या मेलवर जाते, तिने गेल्या महिन्यातच नोकरी सोडलेली असावी.

आता वेळ. पुरवणीची पानं आदल्या दिवशीच छपाईला सुटतात आणि रविवारची तर त्याहून आधी. रविवारच्या शुभारंभाच्या प्रयोगाचा मेल शनिवारी रात्री टाकलात की नेम बरोबर लागतो. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या 'सीता स्वयंवर'ची ती आठवण. तारीख दर वर्षी तीच असते, तरीही तुमच्या ज्येष्ठ कलावंताची मुलाखत होऊ शकते हे तुम्हाला ४ तारखेला संध्याकाळी सात वाजता सुचलं पाहिजे. वेबमालिकेचे भागही असेच आदल्या रात्री पाठवावेत. ४० मिनिटांचे ८ भाग म्हणजे ५ तास २० मिनिटं. रात्री अकराला लिंक आली, पासवर्ड साडेबाराला आला, तरी सकाळी दहाला परीक्षण मागण्यात काहीच गैर नाही. मध्येच जेवायला उठणारा माणूस कलेचा दर्दी नसतो.

गुरुवार हा मात्र तुमचा हक्काचा दिवस. टीव्हीवर कोण किती काय पाहतं ते मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे आकडे त्या दिवशी येतात आणि त्या दिवशी प्रत्येक वाहिनी नंबर वन असते. हे कसं जमतं? महाराष्ट्र आणि गोवा ही मोजणीत एकच बाजारपेठ, पण तिच्यात शहरी वेगळं काढता येतं, ग्रामीण वेगळं, वयोगट वेगळा, फक्त बायका वेगळ्या, फक्त दुपारची वेळ वेगळी. एवढ्या चाळण्या लावल्यावर कुठेतरी तुमची मालिका वर येतेच. ती सापडली की 'महाराष्ट्राची सर्वात लाडकी मालिका' असं ठळक लिहा. कोणता आठवडा, कोणता गट, कोणती वेळ हे लिहू नका. पत्रकार विचारेलच. 'ते गोपनीय आहे' म्हणा.

'फक्त तुम्हालाच देतोय' हे वाक्य चार जणांना सांगायचं असतं. चौघांकडे एकाच सकाळी तीच मुलाखत, तेच शीर्षक आणि नायकाचा तोच खिडकीत उभा असलेला फोटो येतो. पुढच्या वेळी चौघांनीही फोन उचलला नाही तर 'मीडिया हल्ली फार बदललाय' म्हणायला तुम्ही मोकळे.

मुलाखतीत सहा पत्रकार एकत्र बसवा, वेळ दहा मिनिटांची द्या, त्यातली चार नायकाच्या मेकअपमध्ये जाऊ द्या. प्रश्न आधी मागवून घ्या आणि उत्तरंही तुम्हीच लिहून द्या. नाटकाच्या पासचं सांगायचं तर 'खिडकीवर तुमच्या नावाने ठेवलेत' एवढं पुरतं. खिडकीवरच्या माणसाला मात्र काही कळवू नका. तिसऱ्या घंटेपर्यंत समीक्षक बाहेर उभा राहिला की प्रयोगाबद्दल त्याचं मत आधीच तयार होतं.

पाठपुराव्याला पर्याय नाही. मेल केला की 'मेल केलाय' असा व्हॉट्सअॅप करा, त्यावर निळ्या खुणा दिसल्या की 'व्हॉट्सअॅप पाहिलात का' हे विचारायला फोन. वेळ संध्याकाळी सात ते नऊ, पान लागत असताना. 'कधी येणार?' हे विचारा. 'ठरलेलं नाही' असं उत्तर आलं तर 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हणा, साहेब कोणते ते गुलदस्त्यात ठेवा. त्यानेही हललं नाही तर 'आम्ही जाहिरात देतोच की' हे सहज बोलता बोलता सांगावं. जाहिरातीचं खातं आणि संपादकीय खातं वेगळं असतं, असं तो सांगेल. तो मजला एकच आहे ना, असं तुम्ही विचारा.

आणि समजा, चुकून आलीच छापून! तर कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पानावर, हे पाहायला पेपर विकत घेण्याचा आततायीपणा नको. सकाळी साडेसातला फोन करून कात्रणाचा फोटो मागवा, पीडीएफ मागवा, लिंक मागवा. मग निर्मात्याच्या पत्नीचं नाव राहून गेलंय हे निदर्शनाला आणा. ते तुमच्या प्रेसनोटमध्येही नव्हतं, हा मुद्दा इथे गैरलागू आहे. लिंकमध्ये घालून झालं की छापलेल्या अंकातही घालता येईल का, तेवढं विचारून घ्या.