जुन्या मार्क, लिरा आणि पाउंडबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

रावपुऱ्यातल्या आमच्या दुकानाला एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, की बाबांच्या पेटीतल्या मार्क, लिरा, पाउंडच्या नोटा आम्ही परत केल्या आणि "मनी चेंजरला चलनच ओळखता येत नाही". नोटा ओळखल्या, म्हणूनच परत केल्या.

आम्ही घेतलेली नोट पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायची असते. युरो आल्यापासून म्युनिकच्या दुकानातही मार्क सहसा कुणी घेत नाही. तरी ते मार्क वाया गेलेले नाहीत. नोटबंदी बघितल्यापासून आपल्याला बंद नोट म्हणजे रद्दीच वाटते, पण जर्मनीची मध्यवर्ती बँक, म्हणजे बुंडेसबँक, आजही मार्क बदलून देते. मुदत नाही, फी नाही, दर कायमचा ठरलेला: 1.95583 मार्कला एक युरो. क्लारा शुमानचं चित्र असलेल्या तुमच्या शंभराच्या नोटेचे 51 युरो 13 सेंट होतात. मार्कची नाणीसुद्धा तिथे घेतात. तुम्ही लेकीकडे म्युनिकलाच निघालात, तिथे या बँकेची शाखा आहे. काउंटरवरच्या मुलाने हे सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ती पर्समध्ये बघा.

लिऱ्याचं मात्र आता काही होणार नाही. इटलीने 6 डिसेंबर 2011 ला बदलून देणं थांबवलं. युरो एकच असला तरी जुन्या नोटांचा हिशेब ज्याचा त्याचा: फ्रान्सने 2012 मध्ये थांबवलं, स्पेनने 2021 मध्ये, आणि हॉलंड आपल्या जुन्या चलनाच्या, गिल्डरच्या, नोटा 2032 उजाडेपर्यंत घेणार आहे. तुमच्या लिऱ्याच्या नोटेवरचा पन्नास हजार हा आकडा बघून कुणीही हुरळून जाईल, पण युरो आला तेव्हाही त्याचे जेमतेम 26 युरोच होत होते. शिल्पकार बर्निनीचं चित्र असलेली ती नोट देखणी आहे, घरी राहू द्या.

अ‍ॅडम स्मिथची वीस पाउंडाची कागदी नोट 30 सप्टेंबर 2022 नंतर तिकडच्या दुकानांत चालत नाही. बँक ऑफ इंग्लंड ती कधीही बदलून देते. लंडनला जाणाऱ्या घरच्याच माणसाकडे द्या. पोस्टाने पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, आणि अर्ध्या किमतीत घेतो म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका.

युरो घ्यायला याल तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड आणा. पाच-दहाच्या नोटा हव्या असतील तर आदल्या दिवशी फोन करा, त्या लगेच संपतात.